एडीसीचा आकडा, वडिलांची बायोप्सी आणि कापसाची वेचणी

आलेले पत्र (संक्षिप्त) : "मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातला शेतकरी आहे. माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. दीड वर्षापासून त्यांना रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागते आणि त्यासाठी आठ महिन्यांपासून गोळ्या चालू आहेत. रक्तातील पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन) ११.४ आला. जंतुसंसर्गाचे औषध दिल्यावर सहा आठवड्यांनी तो ९.८ झाला. त्यानंतर नागपूरला प्रोस्टेटचा एमआरआय केला. त्यात ग्रंथी ६२ ग्रॅम असून डाव्या बाजूच्या पेरिफेरल झोनमध्ये १३ मिलिमीटरची गाठ आहे, पाय-रॅड्स ४, एडीसी ६९०, आवरण शाबूत आणि लसिका ग्रंथी वाढलेल्या नाहीत, असे लिहिले आहे. पुतण्याने मोबाइलवर पाहून सांगितले की एडीसी जितका कमी तितका कॅन्सर आक्रमक असतो. तेव्हापासून घरात कोणाला घास गोड लागत नाही. या आकड्यावरून कॅन्सर किती आक्रमक आहे हे ठरते का? ठरत असेल, तर बायोप्सी कशाला करायची? सुई लागली की कॅन्सर पसरतो, असे गावात सगळेच म्हणतात. वडिलांना आम्ही काहीच सांगितलेले नाही. सीतादही (वेचणीच्या आरंभीची पूजा) नुकतीच झाली असून वेचणी आटोपल्याशिवाय कुठेही जाणार नाही, असे ते म्हणतात."

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण घरातली सगळी घालमेल त्याच्यापाशीच अडली आहे. एडीसी म्हणजे गाठीतले पाणी किती मोकळेपणाने हलते याचे एमआरआयवरचे माप; त्याच्या एकट्या आकड्यावरून कॅन्सर किती आक्रमक आहे हे ठरत नाही. खरे तर, तो कॅन्सर आहे हेसुद्धा या अहवालावरून अजून सिद्ध झालेले नाही. ग्रंथीच्या डाव्या बाजूची एक जागा संशयास्पद आहे, तो संशय बऱ्यापैकी बळकट आहे आणि त्या जागेचा नमुना काढून तपासला पाहिजे, इतकेच तो अहवाल सांगतो. पुतण्याने वाचलेले खोटे नाही, मात्र ते अर्धे आहे. आणि उरलेले अर्धे समजले की बायोप्सी कशाला, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच मिळेल.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली ग्रंथी आहे. तिचा आतला भाग वयानुसार वाढतो, लघवीची वाट दाबतो आणि माणसाला रात्री उठवतो. बाहेरचा भाग म्हणजे अहवालातला पेरिफेरल झोन. प्रोस्टेटचे सुमारे ७० टक्के कॅन्सर याच भागात सुरू होतात आणि बहुतेक वेळा लघवीच्या तक्रारीशी त्यांचा काही संबंध नसतो. त्यामुळे वडिलांचे रात्रीचे उठणे आणि ही १३ मिलिमीटरची गाठ या बहुधा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'त्रास वाढला म्हणजे गाठ वाढली' किंवा 'गोळीने त्रास कमी झाला म्हणजे गाठ बरी झाली' असा हिशेब घरात कोणी मांडत असेल, तर तो सोडून द्यावा.

प्रोस्टेटच्या एमआरआयमध्ये एकाच बैठकीत दोन किंवा तीन निरनिराळ्या पद्धतींनी चित्रे घेतात. पहिल्या पद्धतीला टी-टू म्हणतात. निरोगी पेरिफेरल झोनमध्ये भरपूर स्राव साठलेला असल्यामुळे तो या चित्रात पांढराशुभ्र दिसतो आणि त्यात गाठ असली तर काळसर डाग उठतो. अडचण अशी की जुना जंतुसंसर्ग, भरून आलेला व्रण किंवा साकळलेले रक्त यांचाही डाग काळसरच दिसतो. तिसऱ्या पद्धतीत शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देऊन कोणती जागा ते लवकर ओढून घेते हे पाहतात. आता अनेक ठिकाणी या औषधाशिवायही तपासणी केली जाते. तुमच्या प्रश्नाचे मूळ मात्र दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे डिफ्यूजनमध्ये आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू.

शरीरातील पाण्याचे कण सतत इकडे-तिकडे हलत असतात. विरळ पेरलेल्या वावरातून माणूस सहज आरपार जातो, पण पऱ्हाटी दाटून आली की दोन पावलांवर फांदी आडवी येते. पेशींच्या दाटीत पाण्याच्या कणांचे तसेच होते. निरोगी ग्रंथीत स्रावाच्या मोकळ्या नळ्या असतात, त्यामुळे पाणी मोकळेपणाने हलते आणि एडीसीचा आकडा मोठा येतो. कॅन्सरमध्ये पेशींची गर्दी होऊन या मोकळ्या जागा बुजतात, पाणी अडते आणि आकडा उतरतो. तुमच्या अहवालातील ६९० हा आकडा एका सेकंदात पाणी किती पसरते याचे, चौरस मिलिमीटरच्या दशलक्षांशांत केलेले मोजमाप आहे. पेरिफेरल झोनमध्ये साधारण ७५० ते ९०० च्या खाली आकडा गेला की संशय वाढतो, असे मार्गदर्शक म्हणून सांगितले जाते. तुमचा आकडा त्या पट्ट्याच्या खाली आहे, हे मी लपवणार नाही.

आता आक्रमकतेचा मुद्दा. प्रोस्टेटच्या कॅन्सरची आक्रमकता मोजण्याची रीत डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने १९६६ मध्ये मांडली आणि सुधारणा होत होत ती आजही चालू आहे. सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशींनी ग्रंथीचा घाट कितपत टिकवला आहे, हे तिच्यात पाहतात. नळ्या सुट्या-सुट्या ओळखू येत असतील तर ३, त्या एकमेकींत मिसळून गेल्या असतील तर ४ आणि घाटच उरला नसेल तर ५ असा अंक देतात; सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोन अंकांची बेरीज म्हणजे ग्लीसन स्कोअर. हल्ली त्याचेच १ ते ५ असे ग्रेड ग्रुप करतात. ३+३ म्हणजे ग्रुप १, ३+४ म्हणजे ग्रुप २, ४+३ म्हणजे ग्रुप ३, बेरीज ८ आली तर ग्रुप ४ आणि ९ किंवा १० आली तर ग्रुप ५. नळ्या जितक्या बुजलेल्या तितकी पाण्याला वाट कमी, म्हणून ग्लीसन वाढत जातो तसा एडीसी सरासरीने उतरत जातो. पुतण्याने वाचले ते हेच.

पण 'सरासरीने' हा शब्द मोबाइलच्या पडद्यावर सहज निसटतो. शेकडो रुग्णांचे आकडे एकत्र मांडले तर उतार स्पष्ट दिसतो. एका माणसाचा आकडा घेऊन त्याचा ग्रुप सांगायला गेलो तर फसायला होते, कारण ग्रुप १, २ आणि ३ चे आकडे एकमेकांत मोठ्या प्रमाणात मिसळलेले असतात. प्रोस्टेटच्या सुजेतही एडीसी खाली येतो. एकाच माणसाची दोन वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या मांडणीने तपासणी केली तर आकडा बदलतो, आणि डॉक्टरांनी पडद्यावर मोजणीचे वर्तुळ गाठीच्या नेमक्या कोणत्या भागावर ठेवले यावरही तो अवलंबून असतो. उलट बाजूही ध्यानात असू द्या. आक्रमक कॅन्सर कधी कधी निरोगी नळ्यांच्या मधून विरळ पसरलेला असतो, तेव्हा चित्रात तो ठळक उठत नाही. व्यापारी गाडीतल्या कापसाची झिलई लांबूनच पाहून अंदाज बांधतो, पण भाव सांगण्याआधी आत हात घालून मूठभर कापूस काढतोच. एमआरआय हा तो अंदाज आहे, आणि मूठ म्हणजे बायोप्सी.

म्हणूनच अहवालात एडीसीपेक्षा पाय-रॅड्सला अधिक वजन द्यावे. वेगवेगळ्या डॉक्टरांनी एकाच भाषेत अहवाल लिहावेत यासाठी २०१२ मध्ये ही पद्धत आली आणि २०१९ पासून तिची २.१ ही आवृत्ती वापरात आहे. १ म्हणजे लक्षणीय, म्हणजे उपचाराचा विचार करावा लागेल असा, कॅन्सर असण्याची शक्यता अगदी कमी आणि ५ म्हणजे फारच जास्त. पेरिफेरल झोनमधील गाठीला हा अंक मुख्यतः डिफ्यूजनच्या चित्रावरून देतात. ठळक गाठ १५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ४, आणि त्याहून मोठी किंवा आवरणाबाहेर गेलेली असेल तर ५. तुमच्या वडिलांची गाठ १३ मिलिमीटरची आहे, म्हणून ४. या अंकाच्या गाठींपैकी साधारण निम्म्यांत उपचाराचा विचार करावा लागेल असा कॅन्सर सापडतो. बाकीच्यांत सौम्य कॅन्सर, सूज किंवा काहीच निघत नाही. आणि एक गैरसमज मी वारंवार ऐकतो म्हणून सांगतो: पाय-रॅड्स ४ म्हणजे चौथी अवस्था नव्हे. अवस्था म्हणजे आजार किती दूर पोहोचला ते. आवरण शाबूत आणि लसिका ग्रंथी ठीक, हे तुमच्या अहवालातील शब्द त्या दृष्टीने दिलासा देणारे आहेत.

अहवालातच एक आकडा लपलेला आहे, जो कोणी तुम्हाला मोजून दाखवलेला दिसत नाही. पीएसएला ग्रंथीच्या आकाराने भागायचे. मोठी ग्रंथी नुसत्या मोठेपणामुळेही जास्त पीएसए तयार करते, म्हणून हा भागाकार उपयोगी पडतो. ९.८ ला ६२ ने भागले की सुमारे ०.१६ येतात, आणि ०.१५ च्या वर गेले की बायोप्सीकडे कल झुकतो. मात्र वडिलांच्या गोळ्यांचे पाकीट आजच उलटून पाहा. त्यावर फक्त टॅमसुलोसिन असेल तर हिशेब बरोबर आहे. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड हे नाव असेल, आणि पुष्कळदा ते टॅमसुलोसिनसोबत एकाच गोळीत असते, तर सहा महिन्यांच्या वापरानंतर पीएसए जवळपास निम्मा दिसतो. मग आठ महिने गोळी घेतलेल्या वडिलांचा ९.८ हा आकडा प्रत्यक्षात दुपटीच्या आसपास धरावा लागेल आणि भागाकार ०.३ च्या पुढे जाईल. ही गोष्ट एमआरआयवाल्यांना ठाऊक नसते आणि गावातल्या डॉक्टरांकडून गर्दीत सांगायची राहून जाते. पाकीट सोबत न्या.

एमआरआय आधी आणि बायोप्सी नंतर, हा क्रम तुमच्या डॉक्टरांनी लावला, त्याबद्दल त्यांना दाद द्यायला हवी. पूर्वी पीएसए वाढला की सोनोग्राफीच्या आधाराने ठरावीक १२ जागांहून नमुने घेत. गाठ त्या जागांच्या मध्ये बसलेली असली तर निसटून जाई. ब्रिटनमधील प्रॉमिस या अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, ५७६ पुरुषांची दोन्ही प्रकारे तपासणी करून ती ग्रंथीच्या अतिशय दाट नमुन्यांशी ताडून पाहिली. लक्षणीय कॅन्सर पकडण्यात एमआरआय ९३ टक्के यशस्वी ठरला, तर जुन्या पद्धतीची बायोप्सी ४८ टक्के. त्याच अभ्यासाचा दुसरा आकडा मात्र तुमच्या पुतण्यासाठी आहे: ज्यांना तसा कॅन्सर नव्हता त्यांपैकी केवळ ४१ टक्क्यांनाच एमआरआयने 'नाही' असे सांगितले. म्हणजे एमआरआय सहसा चोर सोडत नाही, पण संशयावरून सज्जनांनाही पकडतो. जाता जाता हेही सांगतो की या अभ्यासातली यंत्रे १.५ टेस्लाची (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) होती, त्यामुळे आपल्याकडे ३ टेस्लाचे यंत्र नव्हते म्हणून तपासणी वाया गेली असे मानू नये. यंत्रापेक्षा चित्र वाचणाऱ्याचा सराव अधिक मोलाचा असतो. २०१८ च्या प्रिसिजन या ५०० पुरुषांच्या अभ्यासात, एमआरआयने दाखवलेल्या जागेवर नेम धरून नमुने घेतल्यावर लक्षणीय कॅन्सर ३८ टक्क्यांत सापडला, जुन्या पद्धतीत २६ टक्क्यांत. उपचाराची गरज नसलेले सौम्य कॅन्सर, जे सापडले की उगाच जीव टांगणीला लागतो, ते मात्र २२ वरून ९ टक्क्यांवर आले.

याहून पुढची तंत्रेही पुतण्याच्या वाचनात येतील. गाठीतील कोलीन आणि सायट्रेट ही रसायने मोजणारी स्पेक्ट्रोस्कोपी एकेकाळी फार गाजली, पण रोजच्या वापरात टिकली नाही. पेशींचा आकार आणि दाटी वेगवेगळी मोजू पाहणारी व्हर्डिक्ट ही पद्धत, किंवा चुंबकीय क्रिया वाढवलेले पायरुवेट शिरेतून देऊन गाठ त्याचे लॅक्टेटमध्ये किती वेगाने रूपांतर करते हे पाहण्याची पद्धत, आक्रमकतेच्या प्रश्नाला थेट हात घालतात. पायरुवेटचा प्रयोग प्रोस्टेटच्या रुग्णांवर झाल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण हे अजून संशोधनाचे दालन आहे आणि वडिलांच्या निर्णयाला त्याची गरज नाही. कोणी 'आणखी एक ॲडव्हान्स्ड एमआरआय करून घ्या, म्हणजे बायोप्सी टळेल' असे सांगितले तर पैसे खिशातच ठेवा.

सुईची भीती आता. सुईने कॅन्सर पसरतो ही समजूत मी यवतमाळपासून गोंदियापर्यंत सगळीकडे ऐकली आहे आणि तिचे कारणही मला दिसते: बायोप्सी होते, आजाराचे नाव कळते आणि मग माणूस खालावलेला दिसतो, तेव्हा दोष सुईला जातो. प्रोस्टेटच्या सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. त्या भीतीने तपास टाळणे शहाणपणाचे नाही. खरा धोका जंतुसंसर्गाचा असतो. सुई गुदद्वारावाटे न घालता वृषणाच्या मागच्या त्वचेतून घातली तर तो बराच कमी होतो, म्हणून कोणत्या वाटेने करणार हे आधीच विचारा. काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसणे अपेक्षित आहे. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. नमुने घेताना संशयित जागेवर नेम धरलेले किती आणि बाकी ग्रंथीतून किती, हेही विचारून घ्या. माझ्याकडे एकदा एक रुग्ण बायोप्सी आधी करून आठ दिवसांनी एमआरआयला आले. ग्रंथीत ठिकठिकाणी रक्त साकळलेले असल्याने चित्र वाचताच येईना आणि त्यांना दोन महिने थांबवावे लागले. तुमचा क्रम बरोबर आहे, तो मोडू नका.

वेचणीबद्दल वडिलांशी भांडण करू नका, कारण अर्धे ते बरोबर आहेत. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुधा सावकाश चालतो आणि या अहवालानंतर तीन-चार आठवडे गेल्याने काही बिघडत नाही. पहिली वेचणी होऊ द्या. पण पहिलीनंतर दुसरी, मग फरदड, मग चण्याची सोंगणी असे करत होळी आली तर चालणार नाही. आजच तारीख घेऊन ठेवा. त्याआधी नव्याने कंबर किंवा पाठ रात्रंदिवस दुखू लागली, पायांत कमजोरी आली किंवा लघवी बंद झाली, तर वेचणी मजुरांवर सोडून लगेच निघावे.

वडिलांना काहीच न सांगण्याचा मार्ग मला पटत नाही. शरीर त्यांचे आहे, सुई त्यांना लागणार आहे आणि संमतीच्या कागदावर सहीसुद्धा त्यांचीच असणार आहे. 'गाठ दिसली आहे, ती कशाची आहे हे तपासायचे आहे, कॅन्सरचीही असू शकते' इतके खरे आणि पुरेसे वाक्य तुम्ही स्वतः, घरच्या ओट्यावर बसून सांगा. दवाखान्याच्या रांगेत दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते त्यांच्या कानी पडणे अधिक वाईट. त्यांना हेही सांगता येईल: ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासात, पीएसए तपासणीतून सापडलेल्या आणि ग्रंथीपुरत्या मर्यादित कॅन्सरच्या १६४३ पुरुषांवर १५ वर्षे लक्ष ठेवले गेले. कोणी देखरेखीखाली राहिले, कोणी शस्त्रक्रिया केली, कोणी किरणोपचार घेतले. प्रोस्टेटच्या कॅन्सरने मरण पावले ते सर्व मिळून सुमारे ३ टक्के. त्यांतील बहुतेकांचे कॅन्सर कमी किंवा मध्यम धोक्याचे होते, ही मर्यादा मी सोबतच सांगतो. वडिलांचा ग्रुप १ निघाला तर बहुधा उपचाराऐवजी ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायोप्सी, अशी देखरेख सुचवली जाईल. ग्रुप ४ किंवा ५ निघाला तर हाडांपर्यंतची तपासणी आणि लवकर उपचार लागतील. मधल्या ग्रुपमध्ये वय, इतर आजार आणि वडिलांची इच्छा यांना मोठी जागा आहे.

खर्चाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र निदानाच्या सगळ्याच तपासण्या त्यात बसतील असे नाही. म्हणून रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आधी योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा आणि बायोप्सीचे काय, पुढच्या शस्त्रक्रियेचे किंवा किरणोपचारांचे काय, हे स्वतंत्रपणे विचारा. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचे मेडिकल (तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) यांपैकी जिथे जाल तिथे नुसता छापील अहवाल नेऊ नका. एमआरआयची सीडी न्या. नेम धरायचा तर मूळ चित्रे लागतात, आणि सीडी घरी राहिली म्हणून एसटीची एक फेरी वाया गेल्याचे मी कितीदा तरी पाहिले आहे.

बायोप्सीचा अहवाल आला की त्यातील तीन गोष्टी उतरवून मला पाठवा: ग्रेड ग्रुप कोणता, एकूण किती नमुन्यांपैकी किती नमुन्यांत कॅन्सर सापडला, आणि तो नेम धरलेल्या जागेत सापडला की बाकीच्या ग्रंथीत. गोळीच्या पाकिटावरचे नावही सोबत लिहा.